निवासी शाळेचं कार्यक्रमांचं वर्ष : मैदान, रंगमंच आणि वसतिगृह

रेक्टर_हवेली

पुणे जिल्ह्यातल्या हवेली, मुळशी, मावळ, भोर या पट्ट्यात निवासी शाळा बऱ्याच आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की सगळीकडे एकच धांदल असते : क्रीडादिन, स्नेहसंमेलन, सहल, विज्ञानदिन. नवे शिक्षक आणि पालक दरवर्षी तेच प्रश्न विचारतात, म्हणून हा धागा. ज्यांना ज्यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी मापांसकट लिहावं ही विनंती.

सुरुवात वसतिगृहापासून करतो, कारण माझ्या मते कार्यक्रम बिघडतो तो तिथे. दिवसाच्या शाळेतलं मूल पाच वाजता घरी जातं. घामेजलेले कपडे घरी धुतले जातात, हरवलेला मोजा घरी सापडतो, उशिरा झोपलं तर आई सकाळी अर्धा तास जास्त झोपू देते. निवासी शाळेत यातलं काहीही आपोआप होत नाही. म्हणून तालमींचं वेळापत्रक लिहिताना पहिली ओळ झोपेची असावी. सहावी-सातवीच्या मुलाला नऊ तास झोप लागतेच. साडेपाचला उठवायचं असेल तर साडेआठला दिवे गेले पाहिजेत. ते जमत नसेल तर तालमीच्या दिवसांत उठण्याची घंटा सव्वासहाला करा आणि पीटीची वेळ तालमीला द्या.

दिवसभरात तालमीला खऱ्या जागा दोनच : सकाळच्या पीटीची ४० मिनिटं आणि दुपारी साडेचार ते सहा. रात्रीच्या प्रेपमधून, म्हणजे अभ्यासाच्या तासातून, मुलं काढायची सवय लागली की आठ-दहा दिवसांत सर्दी-तापाची मुलं वाढतात, सिक रूममधल्या खाटा भरतात आणि नेमकी मुख्य भूमिकेतली पोरं तिथे झोपलेली असतात.

दुसरी गोष्ट, एका मुलाला एक मोठा आणि एक छोटा कार्यक्रम, त्यापुढे नाही. हे नुसतं बोलून होत नाही, त्याला तक्ता लागतो. भिंतीवर मोठा कागद, आडव्या ओळीत मुलांची नावं, उभ्या रकान्यांत कार्यक्रम. ज्याच्या ओळीत चार फुल्या, त्याच्या दोन काढून ज्याच्या ओळीत एकही नाही त्याला द्यायच्या. चांगलं नाचणारी, चांगलं बोलणारी तीच ती दहा मुलं सगळे शिक्षक ओढतात आणि बाकीची मुलं खुर्च्या उचलायला उरतात. हा तक्ता ऑफिसात न लावता जेवणघराच्या दाराशी लावा, म्हणजे मुलंच चुका दाखवतात.

पालकांसाठी पेटीचं : पांढरे मोजे किमान चार जोड, पांढरे बूट असतील तर त्यांची खडूची कांडी, सेफ्टी पिनांचं एक पान, काळी नाडी, साधा सुती टॉवेल, सुईदोरा. प्रत्येक कपड्यावर नाव नको, नंबर. नाव धुण्यात पुसटतं आणि एका वर्गात दोन आदित्य असतातच. नंबर मार्किंगच्या पेनाने शिवणीच्या आतल्या बाजूला. जुन्या पद्धतीने बिब्ब्याने खूण करू नका, कोवळ्या अंगावर बिब्बा उततो.

आणि हाऊसचे (शाळेतल्या मुलांच्या गटांचे) रंगीत टी-शर्ट पहिल्या तीन धुण्यांत वेगळे भिजवा. एक लाल टी-शर्ट हौदात पडला तर चाळीस पांढरे शर्ट गुलाबी होतात, तेही संचलनाच्या आदल्या दिवशी.

फक्की

क्रीडादिनाचं मैदान आखण्याबद्दल लिहितो. खूप शाळांत हे काम आदल्या संध्याकाळी अंदाजाने होतं आणि दुसऱ्या दिवशी पोरांवर अन्याय होतो.

२०० मीटरचा ट्रॅक घ्या. दोन सरळ बाजू प्रत्येकी ४० मीटर, म्हणजे ८० झाले. उरले १२०, ते दोन अर्धवर्तुळांत. १२० भागिले ६.२८ म्हणजे १९.१० मीटर त्रिज्या. पण ही त्रिज्या पोरगं जिथून पळतं तिथली आहे. फक्कीच्या (आखणीच्या पांढऱ्या भुकटीच्या) रेषेपासून २० सेंमी बाहेर माप धरतात, म्हणून रेषा मारायची ती १८.९० मीटरवर. हे २० सेंमी विसरलात तर ट्रॅक सव्वा मीटरने लांब होतो.

आधी ४० मीटर × ३७.८० मीटर असा चौकोन पाडा. चार खुंट्या ठोकल्या की दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ५५.०३ मीटर आले पाहिजेत. कर्ण जुळत नाहीत म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत; तिथेच थांबा आणि खुंट्या हलवा. मग दोन्ही आखूड बाजूंच्या मध्यावर लोखंडी खुंटी, तिला ताणली न जाणारी तार १८.९० मीटरची. सुतळी वापरू नका, ती दवाने आणि ओढीने लांबते. टेपही कापडी नको, पोलादी घ्या.

लेन १.२२ मीटरची. सहा लेन केल्या तर पूर्ण मैदानाला साधारण ९३ × ५३ मीटर जागा लागते, भोवती पळून थांबायला जागा वेगळी.

आता मुख्य भानगड, स्टॅगर, म्हणजे बाहेरच्या लेनची सुरुवातीची रेषा पुढे सरकवणं. पूर्ण एक फेरीच्या शर्यतीला दर लेनला ७.६६ मीटर पुढे सरकवायचं. हा आकडा मैदान लहान-मोठं झाल्याने बदलत नाही, तो फक्त लेनच्या रुंदीवर आहे : २ × ३.१४ × १.२२. लेन एक मीटरची केलीत तर ६.२८. सहाव्या लेनला पाच पट, म्हणजे ३८.३ मीटर.

चूक होते ती मोजण्यात. स्टॅगर वळणावर येतो आणि माणसं टेप सरळ ताणून ३८.३ मोजतात. वळण मात्र वाकडं असतं. सहाव्या लेनमध्ये सरळ टेपने ३८.३ मोजलं तर वळणावरून ते अंतर साडेत्रेचाळीस मीटर भरतं. म्हणजे त्या मुलाला पाच मीटर फुकट मिळाले. दुसऱ्या लेनमध्ये हाच फरक पाच सेंटीमीटरचा असतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. ‘बाहेरच्या लेनवालाच नेहमी जिंकतो’ असं जिथे मुलं म्हणतात तिथे आधी आखणी तपासा. उपाय सोपा आहे. लेनच्या आतल्या रेषेपासून २० सेंमी बाहेर एकेक मीटरवर खिळे ठोकत जा आणि टेप त्या खिळ्यांवरून फिरवत न्या.

फक्की म्हणजे चुनखडीची पांढरी भुकटी. कळीचा चुना कधीही नको, घामाच्या अंगाला आणि डोळ्याला भाजतो. आणि पहाटे दव असताना रेषा मारू नका, भुकटीचे गोळे होतात. खुंट्या, खिळे आदल्या दिवशी. फक्की सकाळी ऊन पडल्यावर.

नवीन_पीटी

फक्की सर, आमच्या शाळेचं मैदान उतारावर आहे, सपाट भाग जेमतेम ७० × ४० मीटर. २०० चा ट्रॅक बसत नाही. काय करावं?

फक्की

१५० मीटरचा करा. सरळ बाजू ३० मीटर, रेषेची त्रिज्या १४.१२ मीटर. चौकोन ३० × २८.२४, कर्ण ४१.२०. चार लेन केल्या तर ६८ × ३८ मीटरमध्ये बसतो. एका फेरीचा स्टॅगर तोच, ७.६६.

मात्र इतक्या आखूड वळणावर मोठ्या मुलांना जोरात पळवू नका. घोटा मुरगळतो. आठवीच्या पुढच्यांसाठी तिथे रिले आणि लांब पल्ल्याच्या शर्यती ठेवा आणि १०० मीटर दुसरीकडे सरळ रेषेत घ्या. त्या सरळ पट्टीला १०० मीटर पुरत नाहीत, अंतिम रेषेपुढे थांबायला किमान १५ मीटर मोकळे हवेत. समोर भिंत किंवा कुंपण असेल तर ८० मीटरचीच शर्यत घ्या. उताराच्या दिशेने तर अजिबात नको.

रस्सीखेचीचं इथेच सांगून टाकतो. नायलॉनचा दोर आणू नका. तो ताणतो, तुटला तर चाबकासारखा मागे येतो. जाड सुती किंवा मनिला दोर, घेर १० सेंमीच्या वर, लांबी ३३ मीटरच्या वर. दोर हाताला, मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही हे प्रत्येक फेरीआधी पुन्हा सांगा, मुलं जोशात विसरतात.

खो-खोचे खांब मात्र आठ दिवस आधी रोवा आणि भोवतीची माती रोज पाणी घालून चोपा. आदल्या दिवशी रोवलेला खांब तिसऱ्या डावात हलायला लागतो. या खेळाची पहिली नियमावली १९१४ साली आपल्याच डेक्कन जिमखान्यावर झाली, तेव्हा पुणे जिल्ह्यातल्या शाळेत तरी खांब डुगडुगू नये असं मनापासून वाटतं.

भटारखाना

मेसच्या बाजूने लिहिते. हिशोब २४० मुलांचा धरला आहे.

पहिली शर्यत साडेआठला असेल तर नाश्ता सव्वासहाला झालाच पाहिजे. दोन तास मधे हवेत. पोहे सगळ्यात सोयीचे. जाडे पोहे १८ किलो, कांदा ६ किलो, शेंगदाणे दीड किलो, तेल दोन लिटर, मीठ साधारण ३५० ग्रॅम. पण १८ किलो एकदम भिजवू नका. खालचे पोहे वरच्यांच्या वजनाने दबून लगदा होतात आणि कढईत गोळा फिरवत बसावं लागतं. सहा-सहा किलोचे तीन घाणे करा. पहिला घाणा फोडणीत पडला की दुसरा भिजवायचा, चाळणीत दहा मिनिटं निथळू द्यायचा. मोठ्या मुलांचं हाऊस आधी जेवायला बसवलं तर शेवटच्या घाण्याला कमी पडतात, म्हणून लहान मुलं आधी.

पाणी दिवसाला माणशी तीन लिटर, म्हणजे ७२० लिटर, वीस लिटरचे ३६ जार. ते एका जागी ठेवू नका. शर्यत संपते तिथे, खो-खोच्या मैदानाशी आणि मंडपात, असे तीन भाग करा, नाहीतर मुलं पाण्याच्या रांगेत आणि त्यांच्या नावाचा पुकारा मैदानावर.

लिंबू सरबत २० लिटरला : साखर दीड किलो, मीठ ३० ग्रॅम, लिंबं २५ ते ३०. साखर आधी दोन लिटर गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. तीन किलो साखर घालून गोडमिट्ट केलं तर पळणाऱ्या मुलांच्या पोटात ढवळतं. सरबत स्टीलच्या पिंपातच करा. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ते कळकतं. बर्फ पिंपात घालायचा नाही. बाजारचा बर्फ कुठल्या पाण्याचा असतो ते कळत नाही आणि दोन दिवसांनी जुलाब लागले की दोष जेवणावर येतो.

केळी २२ डझन घ्या, तीन दिवस आधी, अर्धी कच्ची. क्रेटमध्ये एकावर एक ठेवली तर खालची काळी पडतात. पसरून किंवा घडाने टांगून ठेवा. दुपारच्या जेवणाला वरण-भात, कोशिंबीर, ताक. जिलबी, मसालेभात ही मंडळी रात्रीसाठी ठेवा, तोवर शर्यती संपलेल्या असतात आणि मुलांना खरी भूकही तेव्हाच लागते.

पालक_धायरी

भटारखाना ताई, पालकांनी भेटीला येताना मुलांसाठी काय आणावं? आम्ही दरवेळी डबाभर करून नेतो.

भटारखाना

दादा, त्या दिवशी खायचं असेल तेवढंच आणा. क्रीमचा केक, पनीर, खव्याचं काही नको. पेटीत राहतं आणि तिसऱ्या दिवशी मूल ते खातं. बेसनाचा लाडू, शंकरपाळी, चिवडा, दाण्याची चिक्की टिकतं. डब्यावर नंबर लिहा. आणि आणाल ते खोलीतल्या बाकीच्या मुलांना एकेक घास जाईल एवढं आणा, कारण तिथे एकट्याने डबा उघडून खाता येत नाही.

हलगी

लेझीम. १२० मुलांचं संचलन धरून लिहितोय.

सहा आठवडे, रोज २५ मिनिटं. त्याहून जास्त वेळ घेतलात तर तळव्यांना फोड येतात आणि मूल लेझीम बोटांच्या टोकांनी धरायला लागतं, मग आवाज येत नाही. पहिला आठवडा लेझीम हातात द्यायचंच नाही. नुसते हात आणि पाय, तोंडाने अंक. दुसऱ्या आठवड्यापासून लेझीम. चार आवाज (चार ठोक्यांची मूळ हालचाल) पक्के झाल्याशिवाय पवित्र्याकडे जाऊ नका. मुलांना पुढच्या हालचाली आकर्षक वाटतात, पण प्रेक्षकाला जे दिसतं आणि ऐकू येतं ते चार आवाजांतली एकी.

वस्तूची तपासणी : दांड्याच्या दोन्ही टोकांना साखळीचा आकडा असतो, तो पकडीने दाबून बंद करा. उघडा राहिला की जोरात साखळी ताणली की सुटते आणि शेजाऱ्याच्या तोंडावर बसते. चकत्या ज्या तारेत ओवलेल्या असतात ती झिजते. बोट फिरवून पाहा, खरखर लागली की तार बदला. दर दांड्यावर नंबर रंगवा आणि मुलाला तोच नंबर सहा आठवडे. मग तो त्याची काळजी घेतो. पावसाळ्यात कोठीत पडून गंजलेली लेझीम आधी रॉकेलच्या फडक्याने पुसा, नाहीतर चकत्या चिकटून खळखळाटाऐवजी खडखड येते.

दोन मुलांत अंतर अडीच मीटर, आगेमागे आणि आजूबाजूला. जमिनीवर फक्कीचा ठिपका द्या, पण शेवटच्या आठवड्यात ते ठिपके पुसून टाका. खऱ्या दिवशी पोरं ठिपके शोधत खाली बघतात आणि माना वाकलेल्या दिसतात.

एक गोष्ट जी फार कमी ठिकाणी पाळली जाते : हलगी आणि ढोल मंचाजवळ ठेवू नका. आवाजाला ३४ मीटर जायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. पुढे हलगी आणि मागची रांग ७० मीटरवर असेल तर तिच्यापर्यंत ठेका सेकंदाचा पाचवा भाग उशिरा पोचतो. मागची मुलं ऐकून खेळतात, बरोबरच खेळतात, पण मंचावरून ती मागे पडलेली दिसतात आणि शिक्षक त्यांना ओरडतात. मुलांची काहीही चूक नसते. हलगी मैदानाच्या बाजूला, मधल्या रांगेच्या समोर उभी करा. उशीर निम्मा होतो. आणि मागच्या रांगांना शिकवा की कानाने नाही, पुढच्याच्या खांद्याकडे बघून खेळा. रेकॉर्ड लावून लाउडस्पीकरवर लेझीम करणं तर मला मुळीच पटत नाही. मुलं चुकली तर हलगीवाला त्यांना दोन ठेके थांबून सांभाळून घेतो. रेकॉर्ड पुढे निघून जाते.

रंगपट

स्नेहसंमेलन मोठा विषय आहे, मी वीज, माइक आणि रंगभूषा एवढंच घेते.

वीज आधी. एक हजार वॅटचे जुने पार दिवे (मंचावर झोत टाकणारे) बारा लावले तर बारा किलोवॅट झाले, त्यात साउंड वेगळा. शाळेच्या साध्या सिंगल फेजवर हे चालत नाही. मेन उडतो किंवा त्याहून वाईट म्हणजे वायर तापते. एलईडी पार साधारण दीडशे वॅटचा असतो, बारा मिळून दोन किलोवॅटच्या आत. भाड्याचं ठरवताना डेकोरेटरला हेच विचारा. जनरेटर असेल तर तो मंडपापासून लांब आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा, धूर मुलांकडे यायला नको. साउंड आणि लाइट एका लाइनवर घेऊ नका, दिवे मंद केले की स्पीकरमधून गुणगुण येते. वायर जिथे चालण्याच्या वाटेवर आहे तिथे वरून चिकटपट्टी. अंधारात धोतर नेसलेली पोरं विंगेत पळत असतात.

माइक शिट्टी मारतो त्याचं कारण स्पीकर माइकच्या मागे असतो. स्पीकर मंचाच्या पुढच्या कडेच्याही पुढे ठेवले की निम्मी शिट्टी जाते. निवेदकाचा माइक तोंडापासून एक वीत. लहान मुलं माइक ओठांना लावतात आणि ‘प’, ‘फ’ फुटतात. तालमीत माइकच्या जागी पाण्याची बाटली धरायला लावा, सवय होते. कॉर्डलेस माइकचे सेल कार्यक्रमाच्या आधी नवेच घाला, अर्धे वापरलेले नकोत.

कपडेपट. पेठेतल्या दुकानांतून भाड्याने आणायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीत महिनाभर आधी नोंदवा, शिवजयंतीच्या आसपास तर मावळ्यांचे अंगरखे मिळतच नाहीत. मापं मुलांची वयं सांगून देऊ नका, उंची आणि छाती सेंटीमीटरमध्ये लिहून न्या. आठवीतला एक मुलगा सहावीएवढा आणि दुसरा मास्तरांएवढा असतो. कपडे दोन दिवस आधी आणून घालून बघा. एक दिवस बदलून आणायला हवा. नऊवारी शिवलेलीच घ्या, नेसवायला वीस मुलींमागे दोनच बायका असतात. प्रत्येक नाचाचा एक गाठोडा, त्यावर क्रमांक, आत कागद : किती अंगरखे, किती शेले, किती दागिने. परत बांधताना तोच कागद समोर ठेवून बांधायचं. अनामत रक्कम कापली जाते ती बहुतेक वेळा हरवलेल्या बाजूबंदापायी.

रंगभूषेत निवासी मुलांची एक वेगळी अडचण आहे. कार्यक्रम साडेनऊला संपतो, मुलं थकलेली, गरम पाण्याची बंबाची वेळ उलटून गेलेली, आणि ती तशीच रंगासकट झोपतात. सकाळी डोळे सुजलेले, गालांवर पुरळ, उशांचे अभ्रे काळे. म्हणून रंगपटाच्या दारातच रंग उतरवायचं टेबल मांडा. खोबरेल तेल अर्धा लिटर साठ मुलांना पुरतं. आधी तेल बोटांनी चोळायचं, मग सुती चिंध्यांनी पुसायचं, मग साबण. उलटं केलं, आधी पाणी मारलं, तर रंग पसरतो आणि डोळ्यांत जातो. आपला नाच संपला की रंग उतरवून मगच प्रेक्षकांत बसायचं, हा नियम ठेवला तर शेवटी गर्दीच होत नाही. ब्रश आणि काजळाची कांडी एकीची दुसरीला लावू नका. एकाला डोळे आले की आठ दिवसांत सबंध डॉर्मला येतात.

घाटवाट

सिंहगडाबद्दल थोडक्यात. पायथ्याच्या आतकरवाडीहून सहाशे मीटरच्या आसपास चढ आहे. अकरा-तेरा वर्षांच्या मुलांना दीड ते दोन तास लागतात. २४० मुलं एका दिवशी नेऊ नका, एका वेळी एक वर्ग. रविवार टाळा, पायवाटेवर इतकी गर्दी असते की आपली मुलं ओळखू येत नाहीत. निवासी शाळेला मधला वार सहज जमतो, त्याचा फायदा घ्या. साडेसहाला चढायला लागा, म्हणजे उन्हाआधी पुणे दरवाजा गाठता येतो.

४८ मुलांचे आठ-आठचे सहा गट. पुढे एक मोठं माणूस, त्याच्यापुढे कोणी जायचं नाही. मागे एक, त्याच्यामागे कोणी राहायचं नाही. मोजणी डोक्यांची करू नका. सत्तेचाळीस भरले तर कोण राहिलं ते कळायला दहा मिनिटं जातात. प्रत्येकाला दिवसभरासाठी एक नंबर द्या आणि ज्याने त्याने आपला नंबर ओरडायचा. तेवीसनंतर शांतता झाली की चोविसावा नाही हे त्याच क्षणी कळतं. ही मोजणी बसमधून उतरल्यावर, निम्म्या चढावर, पुणे दरवाज्यात, उतरायच्या आधी आणि बसमध्ये बसल्यावर, अशी पाच वेळा.

पाणी माणशी दोन लिटर. नवे बूट नकोत, किमान तीन आठवडे घातलेले हवेत. आदल्या दिवशी पायाची नखं कापून घ्या. उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला आपटतो आणि नख काळं पडतं. वर पिठलं-भाकरी, मटक्यातलं दही खाऊ द्या, पण उतरायच्या तासभर आधी. तानाजी मालुसऱ्यांच्या स्मारकापाशी मुलांना बसवून १६७० ची लढाई सांगणार असाल तर मावळे चढले तो तानाजी कडा आधी लांबून दाखवा, मग सांगा. कडा पाहिलेला असला की मुलं वेगळ्या कानांनी ऐकतात. कड्याच्या टोकाशी फोटो मात्र कोणाचाही नाही.

तबकडी

विज्ञानदिनाला, २८ फेब्रुवारीला, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचं प्रदर्शन असतं. निवासी शाळांनी जरूर जावं. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, १४ मध्यभागी आणि १६ तीन फाट्यांवर लांबवर पसरलेल्या. तबकडी जाळीची का, हे मुलांना बसमध्येच सांगून ठेवा : ती ज्या रेडिओ लहरी पकडते त्यांची लांबी जाळीच्या भोकांपेक्षा कितीतरी मोठी, म्हणून लहरीला ती जाळी सबंध पत्र्यासारखीच, आणि वाऱ्याचा जोर मात्र आरपार जातो. त्या परिसरात मोबाइल बंद ठेवायचा असतो, कारण दूरच्या आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की खिशातला फोन त्याला बुडवतो.

शाळेचा स्वतःचा प्रयोग मांडायचा असेल तर तो दोन मुलांना न थांबता पाच तास दाखवता आला पाहिजे. पाण्याचा पंप, मेणबत्ती, रसायन असलेले प्रयोग दुपारपर्यंत दम तोडतात. सुटे भाग दुप्पट न्या : सेल, वायर, बल्ब, गम. आणि मुलांच्या चार जोड्या करून दर तासाला बदला, नाहीतर मांडणाऱ्या मुलांना बाकी काहीच पाहायला मिळत नाही.

नवीन_पीटी

रेक्टर सर, एक विचारायचं राहिलं. क्रीडादिनाला ज्यांचे पालक येऊ शकत नाहीत त्यांचं तुम्ही काय करता? बक्षीस मिळालं तरी ती मुलं मंडपामागे जाऊन बसतात.

रेक्टर_हवेली

हे आठ दिवस आधी करायचं काम आहे, त्या दिवशी सुचून उपयोग नाही. पालकांकडून येणार की नाही ते फोनवर विचारून यादी करा. मुलाला विचारू नका. तो ‘येणार’ असंच सांगतो. यादीत साधारण तीच मुलं निघतात : ऊसतोडीला गेलेल्यांची, लांबच्या जिल्ह्यातली, घरी एकच कमावतं माणूस असलेली.

त्या मुलांना त्या दिवशी काम द्या, पण मिरवायचं काम. अंतिम रेषेची फीत धरणं, निकालाचा फळा लिहिणं, पाहुण्यांना बॅज लावणं. जेवणाची व्यवस्था ‘पालकांसोबत बसा’ अशी ठेवू नका. एका हाऊसची मुलं, त्यांचे शिक्षक आणि आलेले सगळे पालक एका पंगतीत बसवा, म्हणजे कोणीही एकटं ताट घेऊन फिरत नाही. आणि संध्याकाळी सहा ते आठ ऑफिसचा फोन त्या यादीसाठीच राखून ठेवा. प्रत्येकाला सहा मिनिटं धरली तर दोन तासांत वीस मुलं होतात. यादी मोठी असेल तर दुसरा फोन लावा. वर्गशिक्षकांनी मुलाच्या शर्यतीचा फोटो दुपारीच घरी पाठवलेला असला की फोनवर बोलायला विषय असतो. नाहीतर ‘बरा आहेस ना’, ‘हो’, एवढ्यावर फोन संपतो.

पाहुणे गेल्यानंतरचा तासही सांभाळा. पाच वाजता गाड्या निघतात आणि सव्वापाचला डॉर्ममध्ये रडारड सुरू होते, आई-वडील येऊन गेलेल्यांचीही. तेव्हा मुलांना खोलीत पाठवू नका. खुर्च्या गोळा करणं, फक्कीच्या खुंट्या उपटणं, लेझीम नंबराप्रमाणे कोठीत लावणं ही कामं मुद्दाम त्या तासाला ठेवा, मोठ्या आणि लहान मुलांच्या जोड्या करून. साडेसहाला गरम पाणी, सातला जेवण, प्रेप नाही, सव्वाआठला दिवे बंद. दुसऱ्या दिवशी उठण्याची घंटा साडेसातला. त्या सकाळी पीटी ठेवू नका.

फक्की

खुंट्या उपटल्यावर मोजून घ्या. गवतात राहिलेली एक लोखंडी खुंटी दुसऱ्या दिवशी अनवाणी खेळणाऱ्याच्या पायात जाते.